दंडाला अपुरा पडणारा पट्टा

मी दवाखान्यातल्या बीपीच्या मशीनचा पट्टा बोलतोय. फार जवळ येऊ नका, वास येईल. सात वर्षं माणसांच्या दंडांना विळखा घालतोय, पण मला कुणी कधी पुसलेलं नाही. घाम, पावडर, मलम, सगळं अंगावर बसलंय. तरी मला या मळापेक्षा माझ्या कामाची जास्त किळस येते.

मला शिवलं तेव्हा आतल्या बाजूला दोन रेघा छापल्या होत्या. गुंडाळल्यावर माझी कड त्या रेघांच्या मध्ये आली, तरच माप खरं. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वापरा, नाहीतर आकडा उगाच चढा येतो, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. खिडकी वाजायची, म्हणून सिस्टरनं तो कागद पहिल्याच दिवशी तिच्या फटीत कोंबला.

बेकरीत पीठ मळणारी एक बाई दर महिन्याला यायची. तीस वर्षं पीठ मळून तिचे दंड चांगले भरलेले. जिना चढून धापा टाकत बसली, की सिस्टर मला तिच्या बाहीवरूनच आवळायची. मी पुरा पडायचो नाही. मग सिस्टर माझी टोकं हातानं दाबून धरायची.

"किती?" डॉक्टर मोबाइलमधून मान वर न करता विचारायचे.

"एकशे अडुसष्ट."

"पुन्हा? गोळ्या घेता की कुंडीत टाकता?"

"घेते हो, आईशपथ!"

सोबतची सून हसायची. "सासूबाई, खरं सांगा, वेफर्सची पाकिटं कुठं लपवता?"

बाईही हसायची. पण तिच्या दंडातली शीर माझ्याखाली कशी थडथडायची, ते मलाच ठाऊक. मला ओरडावंसं वाटायचं, की अहो, ती खरं बोलतेय, खोटा मी आहे! पण मला फक्त फुगता येतं.

दोनाच्या तीन गोळ्या झाल्या, तिनाच्या चार. बीपी औषधाला दाद देत नाही, असं तिच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं गेलं. पाचवी गोळी सुरू झाली आणि आठवड्यात ती भट्टीसमोर चक्कर येऊन पडली. तापलेल्या ट्रेवर हात भाजला. मालक म्हणाला, "डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय कामावर येऊ नका."

बाई चिठ्ठी मागायला आली, त्या दिवसांत आमची सिस्टर रजेवर होती. बदलीवर आलेल्या मुलीनं बाईला पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय जमिनीला टेकवले, बाहीतून हात काढायला लावला आणि टेपनं दंड मोजला.

"मावशी, हा पट्टा म्हणजे तुमच्या दंडाला बाळाचं झबलं आहे!"

तिनं कपाट उघडलं. आत मोठा पट्टा प्लास्टिकसकट पडून होता. कंपाउंडर ओरडला, "अहो, नवा आहे तो, खराब होईल!" सात वर्षांत ऐकलेलं सगळ्यात ओंगळ वाक्य ते.

बसून एकशे चोवीस. उभी केल्यावर शंभराच्याही खाली; म्हणजे जास्तीच्या गोळ्यांनीच तिला भट्टीसमोर पाडलं होतं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा बाईच्या तोंडाकडे पाहिलं. मग दिवसभर दंडावर राहणारं मशीन लावून खात्री केली. बीपी तिला होतंच, पण दोन गोळ्यांत भागणारं. बाकीच्या हळूहळू बंद केल्या. चूक झाली, असं मात्र कुणी म्हणालं नाही. डॉक्टर म्हणाले, "चला, आलं एकदाचं कंट्रोलमध्ये!"

बदलीची मुलगी गेली आणि मोठा पट्टा परत कपाटात गेला. काल बाई कामावर जायची चिठ्ठी घ्यायला आली. जुन्या सिस्टरनं सवयीनं मला उचललं. बाईनं हात पाठीमागे घेतला.

"हा नको. कपाटातला काढा."

"एवढ्यातेवढ्यानं काय फरक पडतो, मावशी?"

बाईनं भाजलेला हात तिच्यापुढे धरला. सिस्टर किल्ली शोधायला गेली.

चिठ्ठी मिळाली. बाई निघाली, तर तिच्या जागी एक आडव्या अंगाचा ड्रायव्हर बसला आणि सिस्टरचा हात पुन्हा माझ्याकडे वळला. बाई दारातूनच म्हणाली, "भाऊ, आधी दंड मोजून घ्या. मग काय ते गुंडाळू द्या."

सडपातळ दंडावर मी आजही खरं सांगतो. बाकीच्यांनो, तुमच्या पाया पडतो, मला अंगाला लावून घेऊ नका.