हॉटेलात लिफ्ट आहे

मित्रांनो, क्रेमोना शहरात मोठ्या चौकाच्या मागच्या गल्लीत गिझोल्फी कुटुंबाचे हॉटेल आहे. त्याच्या जिन्याच्या मधोमध, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात मी उभी असते. मी लिफ्ट आहे, आणि बरीच म्हातारी आहे. जिना माझ्याभोवती गोल फिरत वर जातो. त्यामुळे चढणारा-उतरणारा प्रत्येक माणूस मला दिसतो आणि कोण कुठे धापा टाकत थांबते तेही कळते. माझी गोष्ट गोड नाही. तरी ऐका.

माझा जन्म मिलानच्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाची भिंत, कडांना पैलू पाडलेला आरसा, पितळेची बटणे आणि बसायला लाल मखमलीचे छोटे बाक असे माझे रूप होते. मला इथे पाल्मिरा गिझोल्फी यांनी आणले. पाल्मिराबाईंनी लग्न केले नव्हते. हॉटेल आणि आई हाच त्यांचा संसार. आई वरच्या मजल्यावर राहायची आणि गुडघ्यांमुळे कित्येक वर्षे खाली उतरली नव्हती. मी सुरू झाले त्या दिवशी माझ्या बाकावर पहिल्यांदा बसली ती ही म्हातारी. खाली पोचल्यावर ती कुणाजवळ थांबली नाही. सरळ दारापर्यंत गेली आणि जेवणाची वेळ होईपर्यंत रस्त्यावरची माणसे बघत उभी राहिली. आपण कशासाठी जन्मलो हे मला त्या दिवशी समजले.

मग मी खूप काम केले. गुरांच्या बाजाराला आलेले दलाल माझ्यात चढत, तेव्हा शेणाचा आणि तंबाखूचा वास आरशाला चिकटून राही. व्हायोलिनवाले येत. ते पेटी कधी जमिनीवर ठेवत नसत, तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून उभे राहत. नवऱ्या मुली माझ्या आरशात शेवटची नजर टाकून देवळात जात. दर महिन्याला एजिदिओ नावाचा मिस्त्री तेलाचा डबा घेऊन यायचा. माझे दोर, कप्प्या, कड्या सगळे तपासायचा आणि जाताना दारावर थाप मारून म्हणायचा, "चल बाई, आता कुणाला अडकवू नकोस." मी कुणाला अडकवत नसे.

पाल्मिराबाई गेल्या आणि हॉटेल त्यांच्या भावाच्या मुलाकडे, रेन्झोकडे आले. रेन्झो वाईट माणूस आहे असे मी म्हणणार नाही. तो पाहुण्यांशी हसून बोलतो, कुत्र्यांना बिस्किटे घालतो. पण जे दिसत नाही त्यावर खर्च करणे त्याच्या जिवावर येते. एजिदिओचे येणे आधी दर महिन्यावरून सणासुदीवर आले, मग थांबलेच. एका हिवाळ्यात मी दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडले. आत अडकलेला फिरता विक्रेता ओरडून ओरडून घामाघूम झाला. त्यानंतर तपासनीस आले, माझी मोटार आणि दोर बदलायला सांगितले आणि तोवर मला चालवू नका असे बजावून गेले.

"बघू," रेन्झो म्हणाला.

बातमी कळल्यावर एजिदिओ स्वतःहून आला. तोही थकला होता. म्हणाला, "अरे रेन्झो, तुझी आत्या असती तर आठवड्यात काम झालं असतं. दोर बदल. लाकूड अजून शंभर वर्षं टिकेल."

"एजिदिओकाका, लोक हिचे फोटो काढायला येतात," रेन्झो हसत म्हणाला. "फोटोसाठी चालायची काय गरज आहे?"

एजिदिओने या वेळी दारावर थाप मारली नाही. टोपी घातली आणि निघून गेला.

मित्रांनो, तिथून माझे कौतुक सुरू झाले. हॉटेलच्या इंटरनेटवरच्या जाहिरातीत पहिला फोटो माझा. मखमल झटकलेली, पितळ घासलेले, आरशात झुंबराचा उजेड. लोक माझ्या दारात उभे राहून छबी काढायचे, "काय सुंदर!" म्हणायचे आणि बॅगा उचलून जिना चढायला लागायचे. फोटोखाली सोयींची नावे होती. नाश्ता आहे, गाडी लावायला जागा आहे, लिफ्ट आहे.

नोव्हेंबरात इथे तोर्रोनेची जत्रा भरते. बदाम आणि मधाच्या त्या मिठाईपायी सगळे शहर भरून जाते आणि जुन्या काळातल्या राजेशाही लग्नाची मिरवणूक निघते. जत्रेच्या आधी एका दुपारी फोन वाजला. रेन्झो जेवत होता, म्हणून त्याने फोनचा आवाज मोठा करून गल्ल्यावर ठेवला. त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"मी बोनारिया. सार्डिनिया बेटावरून बोलतेय," एक बाई म्हणाली. "माझी मावशी इनेस तुमच्या जवळच्या वृद्धाश्रमात आहे. तिचं काही खरं नाही आता. आईला तिची भेट घडवायचीय. आईचं डावं अंग लुळं आहे, ती चाकांच्या खुर्चीत असते. म्हणून सगळं आधी विचारून घेते, राग मानू नका."

"विचारा ना सिन्योरा, विचारा."

"वृद्धाश्रम तुमच्याकडून किती लांब?"

"दोन गल्ल्या सोडून. खुर्ची ढकलत जाल."

"दाराला पायरी?"

"एकही नाही."

"लिफ्ट आहे ना?"

"आहे की! सगळ्या शहरात अशी लिफ्ट नाही."

"आणि खुर्ची मावेल तिच्यात?"

"दुमडून आरामात मावेल."

"देव तुमचं भलं करो," ती बाई म्हणाली. तिच्या आवाजातला सगळा ताण सैल पडलेला मला ऐकू आला. "खोली दुसऱ्या मजल्यावरची असली तरी चालेल मग."

फोन बंद झाला. शेजारी टॉवेल घड्या करत असलेल्या ओर्नेल्लाने हातातले काम थांबवले. ओर्नेल्ला पाल्मिराबाईंच्या काळापासून इथे कामाला होती आणि रेन्झोला तो शाळेत जायचा तेव्हापासून ओळखत होती.

"रेन्झो, लिफ्ट बंद आहे हे सांगितलं नाहीस तू."

"तिनं विचारलं का चालते का म्हणून? आहे का विचारलं. आहे म्हटलं. खोटं बोललो?"

"अरे, लुळी बाई आहे!"

"तोवर करून घेऊ दुरुस्त. तू घड्या कर."

त्याने खरेच एका कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून तो म्हणाला, "बघू."

शनिवारी दुपारी त्या दोघी आल्या. रात्रभर बोटीत आणि मग गाडीत बसून दोघींचे चेहरे उतरले होते. आदाल्जिझाबाई, म्हणजे आई, खुर्चीत शालीत गुंडाळलेल्या होत्या. पण मला पाहताच त्यांचे डोळे चमकले. त्या मूळच्या क्रेमोनाच्याच. लग्न होऊन बेटावर गेल्या होत्या.

"बोना, बघ! ही अजून आहे. लहानपणी मी आणि इनेस दारातून चोरून बघायचो हिला. पाल्मिराबाई हाकलून द्यायच्या."

बोनारियाने माझे दार ओढले. ते कुलूपबंद होते. तिने रेन्झोकडे पाहिले.

"ती जरा... सोमवारी मिस्त्री येणार आहे," रेन्झो म्हणाला.

"सोमवारी? मी तुम्हाला विचारलं होतं. एक एक गोष्ट विचारली होती!"

"जत्रेची गर्दी आहे सिन्योरा, मिस्त्री मिळत नाहीत. मी तरी काय करणार?"

"मग पहिल्या मजल्यावर खोली द्या."

"गॅलरीच्या खोल्या आहेत त्या. सगळ्या भरल्या."

"ही खालची नाश्त्याची खोली? एक खाट टाका तिथं. आम्ही पहाटे आवरून घेऊ."

"तिथं खाट कशी टाकू? सकाळी पाहुणे कॉफी प्यायला येतात. बरं दिसतं का?"

बोनारियाने तिथल्या तिथे बाकीच्या हॉटेलांना फोन लावले. शहरात एक खाट मोकळी नव्हती. मग ती आईजवळ वाकली. "आई, आपण आधी सरळ मावशीकडे जाऊ. राहायचं नंतर बघू."

"अशी?" आदाल्जिझाबाईंनी केसांना हात लावला. "जन्मभर ती मला शेंबडी म्हणत आलीय. शेवटच्या भेटीला पुन्हा शेंबडीच जाऊ? अंघोळ करते, निळा झगा घालते, सकाळी ताजी होऊन जाते. इतकी वर्षं थांबलीय, एक रात्र थांबेल इनेस."

तेवढ्यात मिरवणुकीतले दोन ढोलवाले जिना उतरत आले. ते हॉटेलातच उतरले होते. अंगात मखमली डगले, पायांत घट्ट रंगीत विजारी, टोपीत पीस. प्रकार कळल्यावर त्यांनी ढोल खाली ठेवले, बाईंना जेवणाच्या खुर्चीत बसवले आणि दोन्हीकडून उचलले.

"अगं बाई, लग्नातसुद्धा मला असं कुणी उचललं नव्हतं!" आदाल्जिझाबाई हसत होत्या. "जपून रे राजकुमारांनो, तुमच्या विजारी फाटतील."

माझ्याभोवती फिरत ती वरात वर गेली. सगळे हसत होते. बोनारिया तेवढी मागून दुमडलेली खुर्ची घेऊन चढत होती, ती हसत नव्हती. सकाळची तालीम संपवून बाईंना खाली न्यायला येतो असे वचन देऊन ढोलवाले गेले.

रविवारी सकाळी गल्लीत धुके होते. आदाल्जिझाबाई लवकर तयार झाल्या. निळा झगा, केसांना पिना, गळ्यात मोत्यांची माळ. बोनारियाने त्यांना जिन्याच्या तोंडाशी आणून बसवले. ढोलवाल्यांची वाट बघत दोघी बसल्या. चौकातून ढोल ऐकू येत होते.

आधी फोन आला. वृद्धाश्रमातून. बोनारिया उभी राहिली. "आई, ते म्हणतायत लगेच या."

तिने जिन्यावरून खाली हाक मारली. ओर्नेल्ला तशीच ॲप्रनवर चौकाकडे धावली. हॉटेल रिकामे होते. सगळे पाहुणे जत्रेत गेले होते. रेन्झो खाली उभा राहून वर बघत होता.

"उचला ना हो तुम्ही! एका बाजूनं धरा!"

"माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, सिन्योरा. शपथेवर सांगतो."

तेही खरेच होते. बोनारियाने एकटीने आईला उचलून पाहिले. दोघी पडता पडता वाचल्या.

मग आदाल्जिझाबाई म्हणाल्या, "मला पायरीवर बसव."

"आई, नको."

"बसव म्हणते ना."

मित्रांनो, त्या म्हातारीने निळा झगा गुडघ्यांशी गोळा केला आणि बसल्या बसल्या जिना उतरायला सुरुवात केली. उजव्या हाताने माझी जाळी धरायची, अंग पुढे ढकलायचे, खालच्या पायरीवर आपटायचे. लुळा पाय बोनारिया उचलून ठेवत होती. जाळी धरलेली ती बोटे मला अगदी जवळून दिसत होती. पांढरी पडली होती. तिचा श्वास माझ्या आरशावर येत होता. माझे काम ती बाई हाताने करत होती, आणि मी घासूनपुसून लख्ख, तिच्या शेजारी उभी होते.

पहिल्या मजल्याच्या वळणावर फोन पुन्हा वाजला. बोनारियाने तो ऐकला आणि खिशात ठेवला.

"बोल," आदाल्जिझाबाई म्हणाल्या.

बोनारियाने मान हलवली.

"गेली?"

"आत्ताच, आई."

आदाल्जिझाबाईंनी माझी जाळी सोडली. झगा पायांवर नीट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "काल तू म्हणत होतीस सरळ जाऊ. मीच केसांचं घेऊन बसले."

"तुझं काही चुकलं नाही, आई. तुझं नाही."

तेवढ्यात ओर्नेल्ला आणि ते दोघे ढोलवाले धापा टाकत आत शिरले. टोप्या कुठेतरी गर्दीत पडल्या होत्या. जिन्यावरची दोघींची तोंडे बघून ते तिथेच थबकले. त्यांनी बाईंना उचलून खाली आणले. आज त्या हसल्या नाहीत.

रेन्झोने पुढे येऊन हात जोडले. "मला फार वाईट वाटतं, सिन्योरा. सोमवारी मिस्त्री येणारच होता."

आदाल्जिझाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. "तुमची लिफ्ट फार सुंदर आहे हं," त्या म्हणाल्या. "इनेसला सांगायचं होतं मला, अजून तशीच आहे म्हणून." मग मुलीला म्हणाल्या, "चल. निदान तिचे केस तरी विंचरते."

आणि खुर्ची ढकलत त्या दोन गल्ल्या सोडून पलीकडे गेल्या.

ओर्नेल्लाने त्याच दिवशी ॲप्रन काढून गल्ल्यावर ठेवला. रेन्झो म्हणाला, "अगं, आज? जत्रेच्या दिवशी?" ती म्हणाली, "पाल्मिराबाईंनी ही लिफ्ट ज्या आईसाठी आणली, ती वरच बसून राहिली असती तुझ्या राज्यात." ती परत आली नाही.

सोमवारी मिस्त्री आला नाही. नंतर बोनारियाने हॉटेलविषयी जाहिरातीखाली जे घडले ते सगळे लिहिले म्हणे. रेन्झोला आठवडाभर झोप लागली नाही. त्याने माझ्यासाठी काहीतरी करायचे ठरवले, आणि केले. माझ्या बाकावर आता फुलदाणी आहे. आत एक मंद दिवा बसवला आहे. फोटो आणखी छान येतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारख्या वस्तू असतील. त्यांना नुसते पुसू नका. त्या चालतात का ते बघा, बिघडल्या तर त्याच आठवड्यात दुरुस्त करा. कुणीतरी लांबून, सोयींची नावे वाचून, त्यांच्या भरवशावर निघालेले असते. आणि दुरुस्त करायचे नसेल तर मला तोडून भंगारात घाला. माझ्या जागी जिन्यात मोकळा खड्डा राहिला तरी चालेल. त्याला बघून कुणी प्रवासाला निघणार नाही.