जिन्यावरचे घोडे

बावीस वर्षं मावशींनी तो सिनेमा नुसता ऐकला होता. दर हिवाळी सुट्टीत थेटरात तोच जुना, गाण्यांनी भरलेला सिनेमा लागे, आणि साफसफाईवाल्या मावशी बंद दाराबाहेर झाडू मांडीवर घेऊन बसत. दिवे लागल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम. लोक कुठे हसतात, कुठे नाकं ओढतात, सारं त्यांना पाठ. शेवटी घंटांचं गाणं लागलं की उठून नळाखाली बादली लावायची.

त्या आवाजांवरून मावशींनी गोष्ट रचली आणि दर सुट्टीत नातीला सांगितली. गोष्टीत राजवाड्याच्या जिन्यावरून वीस पांढरे घोडे टापा वाजवत उतरत. नातीचा सगळा जीव त्या घोड्यांत.

यंदा मावशी कामावरून निवृत्त झाल्या आणि नातीनं हट्ट धरला, "आजी, आता घोडे दाखव."

मावशी मात्र धास्तावल्या. घोडे नसलेच तर? पोरीनं एकदा आजीला थापाडी ठरवलं, की पुढच्या गोष्टी काय भिंतींना सांगायच्या?

दुपारच्या खेळाला दोघी गेल्या. दारावरचा तिकीटवाला हसला. "मावशी, आज झाडू घरी विसरलात?"

"तुझ्या डोक्यावरून फिरवायला ठेवलाय. तिकीट फाड."

अंधार झाला. अर्ध्या तासानं तो आवाज आला. टाप, टाप-टाप. नातीनं आजीचं मनगट आवळलं. "आले!"

पडद्यावर जिना होता, पण स्टेशनचा. त्यावरून हमाल, पोस्टमन, एक जाडजूड बाई, अशी वीस माणसं नाचत उतरत होती. आवाज त्यांच्या बुटांचा होता. वीस जणांची एकच टाप! मावशींनी जन्मभर जिने पुसले होते. पायरी गुडघ्याचं काय करते ते त्यांना ठाऊक होतं. आणि ही माणसं पायरीला पाय लावतात न लावतात तोच हवेत! मावशींचा आ वासलेलाच राहिला.

भानावर आल्यावर त्या पुटपुटल्या, "घोडे नव्हतेच गं. मी बाहेरून ऐकून सांगत होते."

"शू! बघू दे ना, आजी."

पोरीच्या मनात काय आहे, कळेना.

घंटांचं गाणं लागलं आणि मावशी ताडकन उठल्या. हात अंधारात बादली चाचपू लागला.

"ओ आजीबाई, बसा की खाली!" मागून कुणी ओरडलं.

त्या ओशाळून बसल्या. तेवढ्यात घंटा थांबल्या. वाद्यं थांबली. स्टेशनातली सगळी गर्दी जागच्या जागी उभी राहिली, वरून बर्फ उतरू लागलं, आणि एक लहान मुलगी कशाच्याही साथीशिवाय गाऊ लागली. भरलेलं थेटर, पण श्वाससुद्धा ऐकू येईना. बावीस वर्षं हा गळा नळाच्या धारेखाली बुडून गेला होता. मावशींनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाहेर आल्यावर नात खाली बघत पुढे पुढे चालू लागली. मावशींचा जीव टांगणीला. मग फुटपाथवर पोरीनं बूट आपटले. टाप, टाप-टाप.

"आजी, ओळख कोण?"

मावशींनी तिच्या बुटांकडे पाहिलं. "घोडा."

"एकच? वीस पाहिजेत. चल, तूही."

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, साडी चिमटीत धरली, आणि चप्पल आपटली.