हातानं लावायचा दिवा

"हा बघतो तरी कशानं?" रायनाआजीनं दिव्याखालच्या पांढऱ्या भिंगावर बोट ठेवलं. "डोळा आहे म्हणतेस, मग पापणी कुठाय?"

"पापणी नसते आजी त्याला. झोपतच नाही तो. अंगाची ऊब जवळ आली की त्याला कळतं. चोरानं आवारात पाऊल टाकलं की लख्ख उजेड."

"आणि मी पाऊल टाकलं तर?"

"तरी उजेड."

"म्हणजे मी आणि चोर त्याला सारखेच. छान आहे बाई तुझा राखणदार!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली, मीही हसले. मी नेव्याना. वायरी, बल्ब, पंप, हीटर विकणाऱ्या या दुकानात बावीस वर्षं उभी आहे, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं आमचा मालक गिऱ्हाइकांदेखत सांगतो. पण रायनाआजीपुढं माझीही मात्रा चालत नसे. ती वरच्या ब्रेस्तोवची. डोंगरातलं अकरा माणसांचं गाव, त्यातलं सगळ्यात तरुण माणूस सदुसष्टचं. ऑगस्टमध्ये तिच्या पडवीतून तांब्याची मोठी कढई चोरीला गेली, तिच्या सासूच्या वेळची. आजी मिरच्यांची चटणी तिच्यातच शिजवायची. आजीनं पोलिसात सांगितलं, पोलिसानं वहीत लिहिलं, झालं. मग इटलीहून तिच्या मुलीचा, इस्क्राचा, मला फोन आला. इस्क्रा आणि मी शाळेत एका बाकावर. ती तिकडे दुसऱ्याच्या आईला न्हाऊ-जेवू घालते आणि दर रविवारी स्वतःच्या आईला फोन करते. "नेवे, फाटकावर लावायला चांगल्यातला दिवा दे गं," ती म्हणाली. "म्हातारी एकटी आहे."

मी काउंटरवर तीन दिवे मांडले. पहिला उन्हावर चालणारा. पण आजीच्या फाटकावर द्राक्षाचा मांडव, तिथं ऊन येणार कुठून? दुसऱ्यात कॅमेरा होता, तो मोबाइलवर दाखवायचा. "मोबाइलवर कोण बघणार? मीच मला?" म्हणून आजीनं तो बाजूला सारला. उरला तिसरा, साधा, वायरीचा. त्याला खाली तीन बारीक स्क्रू: किती लांबचं बघायचं, किती वेळ पेटायचं, किती अंधार पडला की जागं व्हायचं. आजीनं तो उलटा केला, सुलटा केला, हलवून पाहिला.

"बटण कुठाय?"

"बटण लागतच नाही, आजी. तीच तर गंमत आहे."

"मला लागतं." ती दिवा खाली ठेवून म्हणाली. "संध्याकाळी मी दिवा हातानं लावते आणि सकाळी हातानं विझवते. संध्याकाळी लागला नाही, किंवा उन्हं वर आली तरी विझला नाही, तर समजायचं."

"कोणी समजायचं?"

"समोरच्यानं."

समोर म्हणजे ओढ्यापलीकडे नायडेन. त्याचं आणि आजीचं अक्रोडाच्या झाडावरून एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. झाड कुणाचं, हे झाड वाळून गेलं तरी ठरलं नाही. पण रोज अंधार पडला की तो तिच्या फाटकाचा दिवा बघायचा आणि ती त्याच्या ओट्याचा. दोघांनी तसं कधी ठरवलं नव्हतं, ठरवायला बोलावं लागतं. ब्रेस्तोवमध्ये घरोघरी हीच रीत होती. मी खालच्याच गावची, मला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आणि बटणाचा दिवासुद्धा होता! बटण दोनदा दाबलं की रात्रभर जळणारा, पुन्हा दाबलं की विझणारा. पण तो गोदामात होता, सोमवारी आला असता. त्यासाठी आजीला पुन्हा बसनं खाली यावं लागलं असतं, आणि मला गोदामात फोन करून त्या रडतोंड्या माणसाशी अर्धा तास डोकं लावावं लागलं असतं. शनिवार होता, पाऊण वाजला होता. एक वाजता मला केस रंगवायला जायचं होतं. खरं कारण एवढंच.

"अहो आजी, हाच घ्या," मी म्हणाले. "हा आपला आपण लागतो. समोरच्याला दिवा दिसल्याशी कारण. कोणी लावला हे त्याला काय करायचंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू शिकलेली आहेस बाई. तू म्हणतेस तर असेल तसं."

माझा नवरा ल्युबेन वीजकाम करतो. मंगळवारी तो वर जाऊन दिवा बसवून आला. जुन्या बटणाची वायर उंदरांनी कुरतडली होती, ती त्यानं काढून टाकली आणि नवा दिवा थेट जोडला. आजीनं त्याला टरबुजाची फोड दिली, आणि परत विचारलं, "बटण?" "नेव्यानानं सांगितलंय नको म्हणून," तो म्हणाला. जेवताना त्यानं मला हे सांगितलं, तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. पण मी भाजीत मीठ कमी आहे म्हणून त्याच्यावरच खेकसले आणि विषय संपवला.

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी आजीनं, मंगळवारी-शुक्रवारी वर येणाऱ्या पावाच्या गाडीवरून पाव घेतला. त्याच संध्याकाळी ती लोणच्याची बरणी आणायला तळघरात उतरली आणि शेवटच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. रविवारी इस्क्राचा फोन वाजून वाजून बंद झाला. तिला वाटलं, आई मागच्या वाफ्यात असेल. अजून गारठा पडला नव्हता, कुणाच्याच घरी शेगडी पेटत नव्हती, त्यामुळे धुराड्यातून धूर येत नाही हे कुणाच्या लक्षात येणार? मंगळवारी पावाची गाडी आली, भोंगा वाजला, आजी आली नाही. मग गाडीवाली आत गेली, तर आजी तळघरात मरून पडलेली. डॉक्टर म्हणाला, रविवारपर्यंत तरी म्हातारी जिवंत असणार.

आणि या चारही संध्याकाळी फाटकावरचा दिवा लागत होता.

गावाला दोष टांगायला खुंटी लागते. इस्क्रा विमानानं आली, आईचा फोटो छापलेला निधनाचा कागद, आमच्याकडे दारावर लावतात तो, स्वतःच्या हातानं फाटकावर चिकटवला आणि ओढ्यापलीकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्याच्या डोळ्यांसमोर झालं सगळं. रोज दिवा लागतो की नाही, हे बघितलं नसेल ह्यानं? एका झाडापायी वैर साधलं मेल्यानं." बायकांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून नायडेनशी कुणी बोलेना. तो गावच्या बाकड्यावर येऊन बसला की बाकडं रिकामं व्हायचं. मी हे सगळं ऐकलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. मीच बोलायला हवं होतं हो! पण चोराच्या मनात चांदणं.

तीन आठवड्यांनी नायडेन बस पकडून दुकानात आला. टोपी हातात, दाढी वाढलेली. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं असतं.

"पोरी, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "ती खाली पडली होती. मग दिवा कोण लावत होतं? चारही दिवस मी पाहिला. लागायचा, विझायचा, परत लागायचा. माझी नजर अधू आहे, पण उजेड दिसतो मला. लोक म्हणतात मी खोटं बोलतो. मलाच आता वाटायला लागलंय की मी स्वप्नात पाहिला."

"स्वप्नात नाही, नायडेनकाका. तिचं मांजर. उपाशी होतं, फाटकापाशी येरझाऱ्या घालत असणार. त्या दिव्याला मांजरही पुरतं."

तो टोपीची कड बोटांनी फिरवत होता.

"म्हणजे मी मांजराकडे बघून झोपायला जात होतो," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा ना लोकांना! दिव्यामुळे झालं म्हणून सांगा."

"काय सांगू? माणूस मेलं आणि मी दिव्यावर ढकलू? ओढ्यावर पूल आहे, पोरी. अठरा पावलांचा. एकदा जाऊन हाक मारली असती तर?"

तो दाराकडे वळला. त्याला थांबवून 'तिनं माझ्याकडे बटण मागितलं होतं' एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. तेवढ्यात पंपाचं गिऱ्हाईक आलं आणि मी पंप दाखवायला लागले. बघा, सबब कशी धावून येते!

माणूस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी आमच्यात त्याच्या नावानं जेवण असतं, त्याला मी आणि ल्युबेन वर गेलो. थडग्यावर वाइन ओतून झाली, पाद्री गेला, मग सगळे आजीच्या अंगणात आले. इस्क्रा मोठं पातेलं घेऊन उभी होती. साखर आणि अक्रोड घातलेले उकडलेले गहू. ती प्रत्येकाच्या हातावर कागदी वाटी ठेवायची आणि घेणाऱ्यानं म्हणायचं, 'देव तिला क्षमा करो.' आमच्यात असंच म्हणतात. असल्या जेवणाला आमंत्रण नसतं, ज्याला वाटेल त्यानं यावं. नायडेन आला होता, पण फाटकाबाहेरच उभा राहिला होता. इस्क्रानं त्याच्याकडे पाठ केली होती. त्याच्या डोक्यावरचा तो दिवा भर दुपारी नुसता लटकत होता.

रांग पुढे सरकली. इस्क्रानं माझ्यापुढे वाटी धरली.

"घे, नेवे. तू तिच्यासाठी धावपळ केलीस. निदान दिवा तरी होता, आई भ्यायली नसेल गं."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. देव तिला क्षमा करो? तिला कशाला? तिनं काय केलं होतं?

"मला नको," मी म्हणाले. "इस्क्रा, ऐक. तिनं माझ्याकडे बटण मागितलं होतं."

"कसलं बटण?"

मी सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, बाकड्यावरच्या बायकांना ऐकू जाईल असं. हातानं लावायचा दिवा, गोदाम, सोमवार, मांजर. केस रंगवायला जायचं होतं हेही सांगितलं, ते सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नायडेनकाका खरं बोलत होते. चारही दिवस दिवा लागत होता. आई नीट आहे असंच त्यांना दिसत होतं. वैर त्यांनी नाही साधलं. मी आळस केला."

ल्युबेन जमिनीकडे बघत होता. एक बाई "अगंबाई" म्हणाली आणि दुसरीनं तिला कोपरानं गप्प केलं. इस्क्राचा चेहरा पांढरा पडला होता. वाटलं, आता मारते मला. मारलं असतं तर मी हातसुद्धा आडवा धरला नसता.

ती वळली, पातेल्यात चमचा घातला, कडेनं खरवडून शेवटची वाटी भरली आणि फाटकाकडे गेली. नायडेननं टोपी काखेत मारली आणि दोन्ही हातांनी वाटी घेतली. "देव तिला क्षमा करो," तो म्हणाला, आणि मग हळूच, "आत येऊ का?"

"या की, काका," इस्क्रा म्हणाली. "खुर्ची आहे."

तिनं त्याला टेबलाच्या टोकाला, उन्हाला पाठ करून बसवलं आणि त्याच्यापुढे पाव सरकवला. मग ती माझ्याकडे आली. माझ्या डोळ्यांकडे तिनं पाहिलं नाही. रिकामं पातेलं माझ्या हातात दिलं.

"हे घासून ठेव," ती म्हणाली. "नळ मागे आहे."

मी मागे गेले. पाणी बर्फासारखं गार होतं आणि तळाला साखर घट्ट चिकटली होती. मी बाह्या वर केल्या आणि घासायला बसले.