भोकं पाडलेली पोती

बाल्दोमेरोला घरी सोडताना पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडच्या कोयाइके गावातल्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, एर्सिराला, एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती. खोली उबदार हवी आणि धूर अजिबात नको. यातलं एक जरी चुकलं तर याला परत इथंच आणावं लागेल, आणि त्या खेपेला हा घरी जाईल याची खात्री मी देणार नाही. एर्सिरा म्हणाली, काळजी नको, आमच्याकडे आता पेलेटची शेगडी आहे.

आणि होतीच की! हिवाळाभर सगळं गाव धुराने खोकतं, म्हणून सरकारने आदल्या वर्षी या शेगड्या वाटल्या होत्या. बदल्यात जुनी लाकडाची चूल द्यायची, अशी अट. जिच्यावर एर्सिराने चाळीस वर्षं पाव भाजले ती चूल दोघा माणसांनी उचलून नेली, धुराडंही काढलं. चुलीचा चेपून पत्रा होणार हे ठाऊक असूनही बाल्दोमेरो फाटकापर्यंत तिला पोचवायला गेला होता.

नवी शेगडी मोठी नखरेल. भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या वरच्या पेटीत ओतायच्या, मग आतला स्क्रू फिरत फिरत त्या मोजक्याच जाळात सोडतो. बसवणाऱ्याने सांगितलेलं एर्सिराने पाठ केलं होतं: जाळ असताना दार उघडायचं नाही, राख थंड झाल्यावरच काढायची, हाताने लाकूड कधी म्हणजे कधीच घालायचं नाही, गोळ्या कोरड्या ठेवायच्या. या शेवटच्या सूचनेवर नवराबायको दोघंही हसली. सरपण कोरडं कसं ठेवायचं हे आम्हाला हा शिकवणार! बाल्दोमेरोची उभी हयात लाकूड तोडण्यात आणि वाळवण्यात गेलेली.

हिवाळ्यात गोळ्या मिळत नाहीत म्हणून त्यांनी फेब्रुवारीतल्या उन्हाळ्यातच वीस पोती आणून ठेवली. कुठे? अर्थात परसातल्या लाकडाच्या खोपटात, फळ्यांच्या फटींतून वारा खेळतो तिथे. पण पोती होती प्लास्टिकची, चहूबाजूंनी बंद. बाल्दोमेरोला ते बघवेना. लाकडाला वारा लागला नाही तर ते घुसमटतं, बुरशी धरतं, असं म्हणत तो मांस उलटायचा लांब काटा घेऊन स्टुलावर बसला. एर्सिरा पोतं धरायची, तो पुढून मागून भोकं पाडायचा. पंधरा पोती झाली आणि त्याला दम लागला. पाच तशीच राहिली. पुढच्याच आठवड्यात त्याला इस्पितळात न्यावं लागलं. त्याच्या हातून झालेलं शेवटचं काम ते.

जुलैत, ऐन हिवाळ्यात, तो घरी आला; तोवर एर्सिराही त्याच्यापाशी इस्पितळातच होती, घरची शेगडी पेटलीच नव्हती. न भोसकलेली पाच पोती खोपटाच्या तोंडाशीच होती, तीच एर्सिराने आधी वापरली. नऊ दिवस शेगडी सुरेख चालली. बाल्दोमेरो खिडकीपाशी येर्बाच्या पाल्याचा चहा नळीने ओढत बसायचा आणि म्हणायचा, म्हातारे, एवढी ऊब आहे, आता माझ्या उशाशी टोमॅटो लाव. एर्सिराला तर नव्याने लग्न झाल्यासारखं वाटत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी तिने सहावं पोतं उचललं तर ते हाताला मऊ लागलं. पावसाळी शरद, धुकं, बर्फ, सगळं त्या भोकांतून आत गेलं होतं. आत गोळ्या नव्हत्याच, फुगलेला ओला भुसा होता. सातवं तसंच. दहावंही. विसावं फाडून झाल्यावर ती तिथेच बर्फात बसली. हे काय करून बसलास रे म्हाताऱ्या, असं तिच्या तोंडून गेलं, आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. पोती धरली कुणी होती?

दुकानात एक गोळी नव्हती, ट्रक यायला आठवडा होता. शेजारची क्लोरिंदा गाडाभर वाळकं लाकूड द्यायला निघाली, मग जाळणार कशात हे ध्यानात येऊन परत फिरली. तिच्या स्वतःच्या घरात अजून लाकडाची चूल, म्हणजे धूर, तिथे त्याला न्यायची सोय नव्हती. तिने विजेचा छोटा हीटर आणून दिला, त्याने बाल्दोमेरोचे गुडघे तेवढे शेकले.

एर्सिराने पोत्यांतून धडक्या दिसणाऱ्या गोळ्या वेचल्या, पिठाच्या चाळणीने चाळल्या, पेटीत ओतल्या. स्क्रू दोनदा कण्हला आणि अडकला. लाल दिवा लागला, धूर बाहेर ओढणारा पंखा थांबला, जाळ विझला. दुपारपर्यंत काचेवर आतून बर्फ धरलं. मग जे कधीच करायचं नाही तेच तिने केलं. दार उघडलं, आणि जाळाच्या वाटीत लाकडाच्या ढलप्या पेटवल्या. पंखा बंद, धूर जाणार कुठून? तो सगळा खोलीत आला. तिने खिडक्या उघडल्या तर उणे आठची थंडी आत आली. बाल्दोमेरोचे ओठ निळे पडले.

रुग्णवाहिका येईपर्यंत तिने त्याला एवढंच सांगितलं होतं की गोळ्या ओल्या निघाल्या. स्ट्रेचरवर त्याने मास्क बाजूला सारला.

"ती पाच पोती राहिली ना माझ्याकडून," तो म्हणाला. "त्यांनीच घात केला."

एर्सिराने त्याच्या हनुवटीपर्यंत घोंगडी ओढली.

"हो. त्या पाचांनीच."

"बाकीची?"

"खडखडीत कोरडी आहेत. तुझ्या हातची ती."

"मी म्हटलंच होतं." त्याने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "मग मी येईपर्यंत घर तापवून ठेव, म्हातारे."

"ठेवते," ती म्हणाली.

ती त्याच्याजवळ बसली. गाडी निघाली. डॉक्टरीणबाईंचे शब्द तिला पाठ होते.