श्यामलाबाईंची पुढची जागा

या, मायबापहो, असे जवळ या. भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढं सरकावं. आज एका कीर्तनकाराची आणि त्याच्या चाकांवरच्या घराची गोष्ट सांगायची आहे, आणि ती लांबून ऐकायची नाही.

कोल्हापूरचे नृसिंहबुवा सत्तरच्या दशकात गावोगाव कीर्तनं करत हिंडायचे. जुनी जीप, आणि तिच्यामागं लष्करी लिलावातला दोन चाकांचा गाडा. त्यावर बुवांनी पत्र्याची खोली चढवून घेतली होती. बुवा जीप चालवायचे आणि त्यांच्या पत्नी श्यामलाबाई मागं गाड्यात बसायच्या, कारण पेट्रोलच्या वासानं त्यांना मळमळायचं. गाड्याच्या अगदी पुढच्या कोपऱ्यात, जीपला जोडणाऱ्या दांड्याच्या अंगाला, त्यांची बैठक. पाण्याचा पिंप, तांदळाचं पोतं, पितळी भांड्यांची ट्रंक, सगळा संसार भोवती रचून त्या मध्ये बसत. चहाला थांबावंसं वाटलं की झरोक्यातून हात काढून झांज वाजवत, की बुवा जीप बाजूला घेत. कीर्तनात साथीला तीच झांज. आणि सुरू होण्याआधी मागं दाटीवाटीनं बसलेल्या बायकांना त्यांचं एकच सांगणं असे, पुढं सरका गं, देव काय खात नाही.

मार्गशीर्षात साध्या तापाचं निमित्त झालं आणि श्यामलाबाई गेल्या.

बुवांनी तो कोपरा मोकळा केला. पिंप, पोतं, ट्रंक, सगळं मागच्या दाराशी नेऊन लावलं आणि पुढं नुसती त्यांची घोंगडी अंथरली. रामकथेला मारुतीसाठी पाट मांडतात, त्यावर कुणी बसत नाही, काही ठेवत नाही. तसंच हे, असं बुवांनी मनाशी धरलं. कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलायला घरात होतं कोण?

आणि तेव्हापासून गाडा झोल खाऊ लागला. जरा वेग घेतला की मागचं घर डावी-उजवीकडं शेपटासारखं हलायचं आणि जीपलाही ओढायचं. गडमुडशिंगीच्या रस्त्यावर तर एका गाडीवानाला बैलांसकट कडेला उतरावं लागलं. तो ओरडला, "पावणं, मागचं घर तुमचंच हाय न्हवं? मग त्याला सांगा की सरळ यायला."

रामनवमी तोंडावर आली होती. शाहूवाडीकडच्या एका गावात दरसाल बुवांचीच कथा असे, आणि तिकडचा रस्ता सगळा वळणांचा, उताराचा. हा गाडा घेऊन जाणं म्हणजे जिवाशी खेळ. एक भाजीवाला गाडा मागत होता. देऊन टाकला असता तर बुवांना कोल्हापुरात पेठेतल्या आपल्या एका खोलीत दिवसभर भिंतीकडं बघत बसावं लागलं असतं. त्याचीच त्यांना धास्ती होती.

शेवटी ते उचगावला अल्लाउद्दीन मिस्त्रींकडं गेले. गाड्यावरच्या खोलीचा सांगाडा मिस्त्रींनीच बांधलेला. त्यांनी दोन उपाय सांगितले. एक, बसच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांचे दोन तुकडे दांड्याच्या दोन्ही बाजूंना दाबून बसवायचे. ते मजबूत, पण जोडणं-सोडणं एकट्या माणसाचं काम नव्हे. दुसरा, जीप आणि दांडा यांच्यामध्ये एक सरकता गज, आत घासून धरणारं ब्रेकचं लायनर. स्क्रू आवळला की गज घट्ट सरकतो आणि गाड्याला झोका घेऊ देत नाही. बुवांनी गज निवडला. आता सगळं एकट्यानंच करायचं होतं.

गज बसला. दोघं चक्कर मारून आले. सपाटीला बरं वाटलं, पण उतार लागला तसा गाडा पुन्हा हलू लागला. मिस्त्रींनी स्क्रू आणखी आवळला, तरी तेच. मग त्यांनी हूक सोडवला आणि दांडा उचलून बघितला. तो एका हातानं वर आला. पूर्वी हाच दांडा उचलायला बुवांना जोर लावावा लागे, आणि श्यामलाबाई हसत खाली उतरत.

"बुवा, पुढं काय ठेवलंय?"

"काही नाही. ती तिची जागा आहे."

मिस्त्रींनी दांडा खाली टेकवला. मग हळूच म्हणाले, "पुढं वजन पायजे. सगळं मागं गेलंय, म्हणून त्यो हिसकं देतोय. गज एकटा काय करणार?"

बुवांना राग आला. मारुतीच्या पाटावर कुणी पोती रचतं का, असं ते म्हणाले.

"पाटाचं मला कळत न्हाय," मिस्त्री म्हणाले. "पण वैनी तितं कवा मोकळ्या जागंत बसल्या हुत्या? सांगा की."

खांद्यावरचं उपरणं दारावर टाकून बुवा गाड्यात चढले. पिंप त्यांनी स्वतः पुढं ढकलला. ट्रंक ओढली. मिस्त्री मदतीला आले तर त्यांना हातानं थांबवलं. पोतं मात्र दोघांनी मिळून उचललं. आठवून आठवून एकेक वस्तू पहिल्यासारखी मांडली आणि मधोमध, जेमतेम एक माणूस बसेल एवढ्या जागेत, घोंगडी घालून त्यावर झांज ठेवली.

शाहूवाडीच्या वाटेवर बुवांनी आरशात पाहिलं. उतारावरही गाडा सरळ मागोमाग येत होता, शहाण्या गाईसारखा. हे कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटलं. शेजारच्या सीटवर नुसती पगडी होती.

एका खड्ड्यात चाक बसलं आणि मागं झांज वाजली.

बुवांनी सवयीनं जीप बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मग उतरले, गाड्यात जाऊन स्टोव्ह पेटवला आणि पोत्याला टेकून चहा प्याले.

त्या गावच्या मंडपात मारुतीचा पाट मांडला होता. बायका नेहमीप्रमाणं मागं दाटीनं बसलेल्या. बुवा उभे राहिले, घसा साफ केला आणि नमनाच्या आधी म्हणाले, "पुढं सरका."

तर मायबापहो, तुम्हीही सांगितल्याबरोबर पुढं सरकलात. आता उठण्याआधी एवढं करा, त्या श्यामलाबाईंची एकदा आठवण काढा.