काय मिळत नाही ते सांगा

सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. नोकरी सुटली तरी नाव सुटलं नाही. उभा जन्म लिफ्टच्या देखभालीत गेलेला, त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचे आणि मग लिफ्ट की जिना ते ठरवायचे. विमेवाल्या बाईंच्या इमारतीत त्यांनी जिना धरला.

"अहो भाऊजी, दुसरा मजला आहे," मेहुणी खालून ओरडली.

"ही लिफ्ट कण्हतेय."

"मग तुम्ही काय गाताय?"

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. बायको गेल्यापासून ती दर दोन-चार दिवसांनी घरी यायची, फ्रीज उघडायची, शिळं बाहेर टाकायची आणि त्यावर अवाक्षर बोलायची नाही. बाकी सगळ्यावर बोलायची.

लिफ्टवाल्यांना मुलीकडे जायचं होतं. मुलगी आणि जावई समुद्रापलीकडच्या एका गरीब देशात नळयोजनेचं काम करत होते. त्या देशाच्या उत्तरेला दोन टोळ्यांची मारामारी धुमसत असायची, आणि काम नेमकं उत्तरेलाच होतं. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा तिकडचे रस्ते बंद होते. मुलीला येता आलं नाही. बापलेक फोन कानाला लावून बसून राहिले. आता तिला सातवा महिना लागला होता. जावई म्हणत होता, बाळंतपणाला खाली बंदराच्या शहरात जाऊ, तिथं मोठं इस्पितळ आहे. ती ऐकायला तयार नव्हती. "इथल्या बायका इथंच बाळंत होतात ना? मग मलाच काय शिंगं फुटलीत?" म्हणायची.

मेहुणीची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे मेहुणीला घर सोडता येत नव्हतं. म्हणून लिफ्टवाल्यांनी ठरवलं, आपण जायचं. बाळंतपणातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"मग जाऊन करणार काय?" मेहुणीनं विचारलं होतं.

"दाराबाहेर बसेन. कोणीतरी बसलेलं असलं की बरं वाटतं."

मुलीनं एकच अट घातली होती. पक्का विमा असेल तरच ये. तिथं धड औषध मिळत नाही, काही झालं तर विमानानं शेजारच्या देशात न्यावं लागतं.

विमेवाल्या बाईंची खोली चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. टेबलावरच्या काचेखाली जगाचा नकाशा पसरलेला, आणि सरकार जिथं जाऊ नका म्हणतं त्या भागांवर बाईंनी स्वतः लाल पेन्सिल फिरवलेली. बाई चाळिशीच्या, जरा घसा बसलेल्या. त्यांनी तीन विम्यांची माहितीपत्रकं पुढं ठेवली आणि सुरुवात केली, "काका, ह्याच्यात सामान हरवलं तर मिळतं, विमान चुकलं तर मिळतं..."

"काय मिळतं ते राहू दे, ताई," लिफ्टवाले म्हणाले. "काय मिळत नाही ते सांगा."

हे त्यांचं वाक्य नव्हतं, बायकोचं होतं. कुकर घेताना, पलंग घेताना ती दुकानदाराला हेच विचारायची. मुलीचं लग्न ठरवतानासुद्धा तिनं विहीणबाईंना विचारलं होतं, "तुमच्या मुलाला काय येत नाही?" विहीणबाई विचार करून म्हणाल्या, "त्याला भांडता येत नाही." तिथंच सुपारी फुटली. चाळीस वर्षं ती विचारायची आणि हे सही करायचे. आता दोन्ही कामं ह्यांच्याकडे आली होती.

बाईंनी माहितीपत्रकं बाजूला सारली. "असं विचारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढं ओढली. पहिला विमा दंगल झाली की हात वर करत होता. दुसरा दवाखान्याचा खर्च देत होता, पण विमानानं हलवायचा नाही. तिसऱ्यात ते होतं, मात्र तो इतका महाग की मेहुणी म्हणाली, "तिकिटापेक्षा विमा! नाकापेक्षा मोती जड."

"हलवायचं विमान महाग असतं, मावशी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, मी सांगितलं. आता माझी पाळी. तुम्ही मला काय सांगितलेलं नाही?"

लिफ्टवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं. "गुडघे दुखतात."

मेहुणी छताकडे बघत होती. "ताकाला जाऊन भांडं लपवताय, भाऊजी?"

"तू गप गं."

"मी गपच आहे. छातीतली जाळी बोलतेय."

बायको गेल्यानंतर महिन्याभरातच त्यांच्या छातीत कळ आली होती आणि डॉक्टरांनी रक्तवाहिनीत जाळी बसवली होती. मेहुणीशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. मुलीला तर मुळीच नाही. तिला कळलं असतं तर ती 'येऊ नकोस' म्हणाली असती, आणि एकदा नाही म्हणाली की ती आईच्या वरताण होती. शिवाय ह्या बाईंनीही विमा नाकारला असता. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, मौन पाळायचं.

"नाही सांगितलं तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. विमा लगेच मिळेल," बाई म्हणाल्या. "फक्त छातीत दुखलं की तुमचे सगळे जुने कागद मागवतील, आणि मग पैसे मिळणार नाहीत."

दोर तुटला तर लिफ्टला धरणारा एक ब्रेक असतो. त्याच्या जबड्याला तेल लागलं की तो दिसायला तसाच दिसतो, पण धरत नाही. असा ब्रेक दिसला की लिफ्टवाले लिफ्ट बंद करून चावी खिशात घालायचे, मग वरच्या मजल्यावरचे कितीही शिव्या देवोत.

"लिहा," ते म्हणाले. "जाळी आहे. गोळ्या चालू आहेत."

बाईंनी कंपनीला फोन लावला, खूप वेळ थांबल्या, दोन वेळा घसा खाकरला. शेवटी म्हणाल्या, "तिसरा विमा जाळीसकट मिळेल. डॉक्टरांचं पत्र लागेल. पण काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लाल भागात तो चालत नाही." त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "इथं बंदरात राहिलात तर सगळं मिळेल. ही नदी ओलांडून उत्तरेला गेलात की विमा संपला."

मुलगी नदीच्या वर होती, लाल पेन्सिलीच्या बरोबर मधोमध.

"नदी ओलांडली तर कोण बघतंय?" मेहुणी हळूच म्हणाली.

"कोणी नाही बघत. काही झालं की मग बघतात."

एवढा समुद्र ओलांडून जायचं आणि नदीपाशी थांबायचं. लिफ्टवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग तिथूनच मुलीला फोन लावला. ऐकू कमी यायचं म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असे. सगळ्या खोलीला ऐकू आलं.

"बाबा, झाला का विमा?"

"होतोय. त्याआधी तू मला विचार."

"काय विचारू?"

"तुझी आई विचारायची ते."

मग ती म्हणाली, "काय सांगत नाहीयेस, बाबा?" आवाज हुबेहूब आईचा. मेहुणीनं पदर नाकाला लावला.

त्यांनी जाळीचं सांगितलं. मुलगी पहिल्यांदा रागावली, मग रडली, मग पुन्हा रागावली. "आणि असा तू इकडे यायला निघालास? काही गरज नाही. घरी बस."

"मी येणार. पण बंदरापर्यंतच. वर माझा विमा चालत नाही. तिथं एक खोली घेईन, रोज फोन करेन. निदान दोघं एका देशात असू."

"काहीतरीच काय? तू एकटा, छातीत जाळी घेऊन, परक्या शहरात? भाषा येत नाही, खायचं कळत नाही..."

"शिकेन."

"तुला इथल्या दुकानात मीठसुद्धा मागता येणार नाही!"

मागून जावयाचा आवाज आला, "अगं, मी तर केव्हापासून म्हणतोय..."

"तू थांब रे. बाबा, ऐक. मीच येते खाली. पुढच्या महिन्यात येते आणि बाळंतपण होईपर्यंत राहते. काम हा बघेल. पण मी माझ्यासाठी येत नाहीये, लक्षात ठेव. तुला सांभाळायला येतेय."

"बरं बाई. मला सांभाळायला ये."

फोन बंद झाला. बाईंनी काचेवरून, बंदराच्या शहरावरून, उगाच रुमाल फिरवला.

"सुंठीवाचून खोकला गेला!" मेहुणी म्हणाली. "भाऊजी, एवढे पाताळयंत्री कधीपासून झालात?"

"मी कुठं काय केलं? मला खरंच सुचलं नव्हतं," लिफ्टवाले म्हणाले. "तुझ्या ताईला सुचलं असतं. आत शिरायच्या आधी."

बाईंनी जिथं दाखवलं तिथं त्यांनी सही केली, माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले. बायको तो प्रश्न दोनदा विचारायची. एकदा आत आल्यावर, एकदा निघताना उंबऱ्यावर. निघताना विचारलं की दुकानदार बेसावध असतो, म्हणायची.

"ताई," ते वळून म्हणाले, "अजून काय मिळत नाही?"

बाई हसल्या, मग विचारात पडल्या. "एक राहिलंच. विम्याच्या मुदतीच्या आत बाळ आलं नाही आणि तुम्ही थांबलात, तर त्या पुढच्या दिवसांचा विमा नाही."

"आमच्याकडे पहिलटकरीण कधी वेळेवर झालेली नाही," मेहुणी जिन्यातून म्हणाली. "तुमची लेकसुद्धा उशिराच आली होती. ताईनं नुसता जीव खाल्ला होता सगळ्यांचा."

लिफ्टवाले परत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"मुदत वाढवा," ते म्हणाले. "चांगली ऐसपैस वाढवा."