हत्यारपेटीचं कार्ड

चर्र!

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा तुकडा रोलवरून ओढला आणि दुपारच्या सव्वादोनची शांतता टराटरा फाडल्यासारखा आवाज झाला. मी जागच्या जागी गोठले. आतल्या खोलीत पलंग करकरला. मग अनवाणी पावलांची थपथप, आणि दारात खारू उभी.

"आई, तू माझ्याशिवाय चिकटवतेयस?"

खारू म्हणजे माझी पाच वर्षांची लेक. बिस्किटापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळं कडेकडेने कुरतडते म्हणून खारू. तिला झोपवायला मला चाळीस मिनिटं लागली होती आणि ती झोपली होती बरोबर पंधरा मिनिटं. असा हिशेब करायचा नसतो हे मला कळतं. पण दिवसात माझ्या वाट्याला येतो तो एवढाच वेळ आणि तो एका टेपने खाल्ला.

"ये," म्हटलं. "पण कशाला हात लावायचा नाही."

तिने लगेच गोंदाच्या बाटलीला हात लावला.

मी घरी ग्रीटिंग कार्डं करते. बायकांसाठी, मुलांसाठी, बारशासाठी कितीही सांगा. फुलं, पानं, फुलपाखरं, चंद्र, ढग, सगळ्यांचे साचे माझ्याकडे आहेत. साचा म्हणजे धारदार काठाची पातळ पोलादी आकृती. ती कागदावर ठेवायची, खालीवर जाड पाट्या लावायच्या आणि ती चळत छोट्या यंत्राच्या लाटण्यासारख्या दोन रुळांमधून, हाताने दांडा फिरवत, काढायची. दुसऱ्या बाजूला कागदाचं फूल कापून तयार. पण "पुरुषासाठी काहीतरी करून द्या ना" असं कुणी म्हटलं की माझं डोकं उठतं. दुकानात पुरुषांचा म्हणून जो साच्यांचा संच मिळतो त्यात मिशी असते. टाय असतो. दातेरी चाकं असतात आणि एक नांगर, जहाजाचा. मी आजवर ज्या पुरुषांना ओळखते त्यांच्यापैकी एकाकडेही जहाज नाही. रंग तीन: तपकिरी, निळसर काळा आणि राखाडी. म्हणजे बाईचा वाढदिवस बागेत आणि पुरुषाचा गॅरेजमध्ये.

हे कार्ड मात्र आबांसाठी होतं. आबा म्हणजे माझे सासरे. उद्या, रविवारी, त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि उद्याच ते आमचं घर सोडून जाणार होते.

आबांनी सगळं आयुष्य खोक्यांच्या कारखान्यात साचे बनवण्यात घालवलं. माझ्यासारखे नाजूक नव्हे. लाकडी फळीत पोलादी पाती ठोकून बसवलेले, दोन माणसांनी उचलायचे. बुटांची खोकी, औषधांची खोकी, सगळी त्यांच्या साच्यातून कापली जायची. माझं छोटं यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते म्हणाले होते, "हे काय, बाहुलीच्या घरातलं हत्यार?" पण त्याचा प्लॅस्टिकचा दांडा तुटला, तेव्हा कुणी न सांगता त्यांनीच लाकडाचा नवा करून बसवला. माझ्या मुठीचं माप घ्यायला मला नुसतं म्हणाले, "जरा ही दोरी धर."

निवृत्त झाल्यावर ते कारखान्यातून पाती वाकवायचं एक जुनं यंत्र घरी घेऊन आले. बाल्कनीत ठेवलेलं, गुडघ्याएवढं, वजनाला आमच्या फ्रिजइतकं. त्याचा उपयोग शून्य. आबा रोज सकाळी त्याला तेल द्यायचे.

ते एक आठवडा मित्राकडे गेले होते तेव्हा माझ्या नवऱ्याने ते भंगारात दिलं. खारूला सायकल फिरवायला जागा हवी, हे त्याचं कारण. कारण खरंच होतं. पण विचारलं नाही. मलासुद्धा नाही.

आबा आले. बाल्कनीत गेले. तिथल्या फरशीवर चार गंजके ठसे होते, त्यांच्याकडे पाहिलं. संध्याकाळी त्यांनी ताईला, म्हणजे माझ्या नणंदेला, फोन करून सांगितलं, "वाढदिवसाला येशील तेव्हा मला घेऊन जा. कायमचं."

त्याला आता अठरा दिवस झाले. अठरा दिवस हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच टेबलावर बसतात, एकाच बरणीतलं लोणचं घेतात आणि मधे मला टपालपेटी करतात.

"त्याला सांग, मोरीतला नळ गळतोय."

"त्यांना सांग, प्लंबरला सांगून झालंय."

"त्याला सांग, वायसरला प्लंबर लागत नाही."

दोन हातांच्या अंतरावर बसलेले! मी एकदा भांडं आदळलं आणि म्हणाले, "सांगितलं! दोघांनाही सांगितलं! अजून काही?" तर आबा शांतपणे म्हणाले, "मीठ." आणि नवऱ्याने मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली. आबांकडे नाही, माझ्याकडे. मी ती आबांना द्यायची म्हणून.

मग मी हे कार्ड करायला घेतलं. मिशी नाही, टाय नाही, नांगर तर नाहीच. हत्यारपेटी. बंद असताना तळहाताएवढी चपटी पेटी, वर कापलेली मूठ. मूठ धरून झाकण उघडलं की आतले दोन कप्पे खऱ्या पेटीतल्यासारखे पायऱ्यांनी वर येत बाजूला होतात. त्यांच्यात राखाडी चकचकीत कागदाची पक्कड, हातोडी, पाना, काटकोन्या. कप्पे वर उचलतात त्या कागदी पट्ट्या. त्यांच्या दोन्ही टोकांना बारीक पितळी पिन आणि मधला भाग मोकळा. तो मोकळा राहिला तरच पेटी हलते. आणि सगळ्यात खाली, तळाला, एक खाच. त्या खाचेत एक चिठ्ठी.

ती चिठ्ठी नवऱ्याने लिहायची, हा माझा सगळा डाव होता. बाकी पेटी म्हणजे नुसतं वेष्टन.

मंगळवारी मी त्याला कोरी चिठ्ठी दिली. "दोन ओळी लिही."

"कसल्या?"

"कसल्या म्हणजे? तुला माहीत नाही?"

"तूच लिही ना. तुझं अक्षर चांगलं आहे."

"अक्षराचा प्रश्न आहे का हा?"

"अगं, आबांना कार्ड-बिर्ड काही कळत नाही. पुरुषांना नको असतं हे असलं."

बुधवारी चिठ्ठीवर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं. मी दुसरी कापली. गुरुवारी त्याने लिहिलं: "वाढदिवसाच्या शुभेच्छा." खाली पूर्ण नाव आणि आडनाव. आडनाव! बापाला! मी म्हटलं, "तारीख आणि शिक्का राहिला." तो चिडून आंघोळीला गेला. शुक्रवारी मी तिसरी चिठ्ठी त्याच्या उशीवर ठेवली. शनिवारी सकाळी ती उशीखाली सापडली. कोरी आणि चुरगळलेली.

आणि त्याच दिवशी त्याचा शर्ट धुवायला घेताना दोन्ही बाह्यांवर गंजाचे डाग दिसले. आधी त्याने टाळाटाळ केली, मग एकदाचं बाहेर पडलं. दोन वेळा भंगारवाल्याच्या अड्ड्यावर गेला होता. ऑफिस सुटल्यावर, ढीग उपसत. ते यंत्र शोधत होता.

"मग सांग ना त्यांना!" मी जवळजवळ किंचाळलेच.

"काय सांगू? मिळालं नाही हे?"

"तू शोधलंस हे!"

"शोधून काय उपयोग? वितळलं असेल ते एव्हाना." आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

अशा माणसाचं काय करायचं? संध्याकाळभर लोखंडाच्या ढिगात हात घालेल, हात सोलून घेईल, पण दोन ओळींसाठी पेन उचलणार नाही. आणि बाप असा की घर सोडून जाईल, पण "का दिलंस?" एवढं विचारणार नाही. एकाच साच्यातून काढलेत दोघं, आणि त्यांच्या मधे मी!

तर त्या शनिवारी, त्या चर्र नंतर, खारू माझ्या शेजारी बसली आणि "मदत" करू लागली. मी एक पिन बसवायला वळले तेवढ्यात तिने पट्ट्यांच्या खाली गोंद सोडला. भरपूर, मायेने, सगळ्या पट्ट्यांच्या.

"आता नाही पडणार ना," ती समाधानाने म्हणाली.

पडणार नाही आणि हलणारही नाही. मी पेटी उघडून पाहिली. कप्पे जागच्या जागी चिकटून बसलेले. पट्टी सोडवायला गेले तर वरचा कागद सालीसारखा निघाला. मला रडू येईल की काय असं झालं. पण खारूचा चेहरा पाहिला, त्यावर राखाडी कागदाचा एक कण, भुवईवर. तो उचलला, म्हटलं, "चल, आपण पुन्हा करू." चारही पट्ट्या पुन्हा कापल्या, घड्या पाडल्या, पिना बसवल्या. खारूला मी दांडा फिरवायचं काम दिलं. ती दोन्ही हातांनी त्याला लोंबकळत फिरवत होती आणि मोजत होती, "एक, दोन, चार, सहा."

पाच वाजता पेटी हलली. झाकण उचललं की कप्पे वर. बंद केलं की खाली. खारूने ते तीसेक वेळा केलं.

तळाची खाच मात्र रिकामी.

नवरा खाली गाडीची हवा तपासत होता. मी खिडकीतून हाक मारली, "चिठ्ठी!" त्याने वर न बघता हात हलवला. 'लिहितो' असा असेल, 'राहू दे' असाही असेल. अठरा दिवस मी हाताच्या खुणा वाचत होते. आता माझ्यात तेवढी ताकद नव्हती.

मी पेन घेतलं आणि मीच लिहिलं.

त्याचं अक्षर मला डोळे मिटून काढता येतं. त्याच्या ओळी चढावर जातात. काना इतका लांब ओढतो की तो खालच्या ओळीत पाय सोडून बसतो. मी तसंच काढलं: "आबा, माझं चुकलं. विचारायला हवं होतं. दोनदा शोधायला गेलो, मिळालं नाही. जाऊ नका." खाली आडनाव नाही. घरात त्याला हाक मारतात तेवढंच.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, असं मी स्वतःला बजावलं. समोर खारू दूध पीत बसली होती. पांढऱ्या मिश्या आलेल्या.

"काय लिहिलंस?"

"आबांना गंमत."

"मला वाचून दाखव." तिला घरातल्यांची नावं तेवढी वाचता यायची.

"उद्या," मी म्हटलं आणि चिठ्ठी खाचेत सरकवली.

रविवारी दहाला ताई आली. आल्या आल्या बाहेरच्या खोलीत उभ्या उभ्याच म्हणाली, "आबा, सामान एवढंच? बरं झालं, गाडीत मावेल. उन्हाच्या आत निघू या." आबांची बॅग दाराशी तयार होती. कुलूपही लावलेलं. आपल्याच घरातून निघताना बॅगेला कुलूप! नवरा खुर्चीत पेपर घेऊन बसला होता. मी पाहिलं, पान उलटत नव्हता.

"आधी कार्ड," मी म्हटलं. "खारू, दे आबांना."

खारूने दोन्ही हातांवर ठेवून पेटी नेली. आबांनी चष्मा लावला. पण वाचायला काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी आधी कडेवरून अंगठा फिरवला. सवय.

"कड स्वच्छ आलीय," ते म्हणाले.

मूठ धरून झाकण उचललं. कप्पे वर आले. आबा थांबले. बंद केलं. पुन्हा उचललं, या वेळी हळू, बाजूने वाकून, पट्ट्या कशा फिरतात ते बघत.

"डावा कप्पा केसभर वर आहे."

"आबा, वाढदिवस आहे तुमचा, तपासणी नाही," ताई म्हणाली.

"सांगायला नको का? पुढच्या वेळी भोक जरा खाली पाडायचं." मग माझ्याकडे न बघता, "पण चाल चांगली आहे. कुणी शिकवली?"

"तुमचा दांडा बघून बघून," मी म्हटलं. माझा जीव तळातल्या खाचेत अडकला होता.

त्यांना ती दिसली. दोन बोटांनी चिठ्ठी उपसली, लांब धरली, जवळ धरली. वाचायला चारच वाक्यं होती. आबा बराच वेळ वाचत राहिले.

मग आबांनी मान वर केली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, माझ्यामार्फत नाही, सरळ त्याच्याकडे पाहून विचारलं,

"दोनदा गेला होतास?"

नवऱ्याने पेपर खाली केला. त्याने आबांच्या हातातली चिठ्ठी पाहिली, मग मला. सगळं त्याच्या चेहऱ्यावर आलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की या क्षणी तू 'कसली चिठ्ठी' म्हणालास तर मीच ताईच्या गाडीत बसेन.

"हो," तो म्हणाला. "रेल्वे रुळांच्या मागे, त्या मोठ्या अड्ड्यावर. नाही सापडलं आबा."

"त्या अड्ड्यावर कुठून असणार? तो पत्रा घेतो. बिडाचं लोखंड पुलापलीकडे जातं." आबांनी चिठ्ठीची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. खिशावर हात तसाच राहिला. "मला विचारायचं होतंस."

"हो."

"हो काय? नुसतं हो!"

"उद्या जाऊ या? पुलापलीकडे?" नवरा म्हणाला.

ताईने गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आवाज न करता. आबा दाराशी असलेल्या बॅगेकडे बघत होते. मी बघत होते त्यांच्या हाताकडे. तो खिशावरून खाली आला आणि चाचपडत पॅंटच्या खिशात गेला, बॅगेची किल्ली असते त्या.

तेवढ्यात खारू आबांच्या गुडघ्याला रेलून, त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवत, खणखणीत आवाजात मला म्हणाली,

"आई, ती चिठ्ठी तर काल तू लिहिलीस ना? मग खाली बाबांचं नाव का घातलंस? बाबांना लिहिता येत नाही?"